आधी ढाळ, मग गाव

तेहतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली. निवृत्तीनंतर सौ.ला कच्छचं पांढरं रण बघायचं होतं आणि मला धोलावीरा. खडीर बेटावरच्या त्या हडप्पाकालीन नगरात दोन दिवस फिरलो. पहिल्या दिवशी पर्यटक म्हणून, दुसऱ्या दिवशी जुन्या सवयीने. मनात राहिलं ते क्रमांक घालून लिहितो, टिपणं काढायची खोड काही जात नाही.

१. गाव नंतर बघावं, आधी ओढे बघावेत.
उत्तरेला मानसर, दक्षिणेला मनहर. दोन्ही पावसाळी. आम्ही जानेवारीत गेलो, तेव्हा पात्रात थेंब नव्हता. मोहेंजोदडोला सिंधू होती, हडप्पाला रावी. इथल्या माणसाच्या वाट्याला वर्षातले काही दिवस वाहणारे हे दोन ओढे आणि चहूकडे खारं रण. त्यांनी दोन ओढ्यांच्या मधोमध नगर वसवलं, पात्रांना बांध घातले आणि आलेलं पाणी तळ्यांत वळवलं.

२. ढाळ ही अडचण नसते.
तटबंदीच्या आत जमीन वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत सुमारे १३ मीटर उतरते. आमच्या खात्याने आधी भरावाचं अंदाजपत्रक केलं असतं. त्यांनी त्या उताराचाच उपयोग केला आणि तटाच्या कडेकडेने तळी बसवली. पूर्वेचं मोठं तळं ७३ मीटर लांब, २९ मीटर रुंद आणि साडेदहा मीटर खोल. दक्षिणेकडची काही तर सरळ खडकात कोरलेली. काठावर बसून घनफळ काढलं. भिंती उभ्या धरल्या तर २२ हजार घनमीटर, म्हणजे सव्वादोन कोटी लिटरच्या जवळपास. तेही कुदळ-फावड्याच्या बळावर, लोखंड ठाऊक नसताना.

तिथेच एक जुनी गोष्ट वर आली. नोकरीच्या सुरुवातीला आम्ही एक पाझर तलाव बांधला होता. पिचिंग देखणं, सांडवा पक्का. जागा मात्र जमिनीने नव्हे, बैठकीने ठरवलेली. पाणलोट अपुरं पडलं आणि त्या सांडव्यावरून माझ्या नोकरीत एकदाही पाणी गेलं नाही. कागदावर माझीही सही आहे. बराच वेळ उठलो नाही, तेव्हा सौ. म्हणाली, "अहो, चला आता, ऊन लागेल."

३. गटार दिसलं की सांडपाणीच समजू नये.
बालेकिल्ल्यात दगडी भुयारी मोरी आहे, माणूस आत शिरेल एवढी. मी सौ.ला सांडपाण्याची व्यवस्था समजावू लागलो. १९९० पासून रवींद्रसिंह बिष्ट यांनी इथं उत्खनन केलं, त्यावर मजुरी केलेला आमचा वाटाड्या हसला. "काका, हे पावसाचं पाणी. टाक्यात जायचं." बालेकिल्ल्यावर पडलेला पाऊससुद्धा त्यांनी सोडला नव्हता. पुढे विहिरीच्या काठच्या दगडावर त्याने दोराने पडलेल्या खाचा दाखवल्या. मी त्यांतून बोट फिरवलं.

४. हाताशी असेल त्याने बांधावं.
सिंधच्या गाळाच्या मैदानात भाजकी वीट, इथे घडीव दगड. बेटावर दगडाला तोटा नव्हता. भट्ट्यांना लाकूड कुठून आणलं असतं?

५. पहिला क्रमांक थोडा खोडतो.
ओढ्यांमुळे इथे राहता आलं, हे खरं. पण इतक्या आडबाजूला माणसं आली कशाला? त्या काळी रणात समुद्राचं उथळ पाणी असावं आणि नावा बेटापर्यंत येत असाव्यात, असं बरेच अभ्यासक मानतात. मण्यांचे कारखाने, शंखाच्या वस्तू, तांबं हे सगळं इथं सापडलं आहे आणि मेसोपोटेमियापर्यंतच्या व्यापाराशी ते जुळतं. उत्तर दरवाजाजवळ १० मोठ्या चिन्हांचा फलक सापडला. तो अजून कुणाला वाचता आलेला नाही. येणाऱ्याजाणाऱ्याने वाचावा म्हणूनच तो लावला असणार, असं मला वाटतं. मोक्याची जागा आधी हेरली आणि पाण्याची सोय मग जिद्दीने केली, असा माझा निष्कर्ष. पुरातत्त्ववाल्यांनी रागावू नये.

६. ज्या भूगोलाने दिलं, त्यानेच नेलं.
इ.स.पू. ३००० च्या सुमारास वसलेलं हे ठाणं मध्ये खंड पडत दीड हजार वर्षं चाललं. मग हवामान कोरडं झालं, दूरचा व्यापार मोडला. सगळ्यात शेवटी जे राहिले, त्यांनी ना तट बांधला ना तळं. त्यांची साधी गोल घरं होती. कच्छमधली भुंगा म्हणतात ती घरं आजही गोलच असतात. हडप्पा संस्कृतीची उत्तरकालीन वस्ती आपल्याकडे प्रवरेकाठी दायमाबादलाही सापडली आहे. ती मात्र ओढ्याकाठची नव्हे, नदीकाठची.

७. २०२१ साली धोलावीरा युनेस्कोच्या यादीत आलं. जाणार असाल तर पिण्याचं पाणी बरोबर न्या. आम्हाला आधी बालेकिल्ला दाखवला आणि तळं शेवटी. तुम्ही मात्र पूर्वेच्या तळ्यापासून सुरुवात करा.