जुन्या जीपगाडीची खरी धांव

जुनी जीप विकणारा प्रथम मीटरवर बोट ठेवतो. पण केवळ त्या आंकड्यावर किंमत ठरविणें आम्हांस पसंत नाहीं. पुष्कळ जुन्या गाड्यांच्या मीटरास किलोमीटरांचीं पांचच घरें असतात. ९९,९९९ झाले कीं तें पुनः शून्यावर येतें.

समजा, गाडी १८ वर्षांची असून मीटर ३८,४०० दाखवितें. भागाकार केल्यास दिवसास ६ किलोमीटरही भरत नाहींत. तालुक्याच्या बाजारास नित्य जाणारी गाडी इतकी थोडी कशी चालेल? एक लाख मिळवून पाहावे. मग वर्षास सुमारें ७,७०० व दिवसास २१ येतात, तें संभवनीय दिसतें. दोन लाख मिळविल्यास दिवसास ३६ येतात. भाड्यानें फिरलेल्या गाडीस तेंही अशक्य नव्हे. निवाड्यासाठीं दुरुस्तीचीं जुनीं बिलें मागावींत. त्यांवर तारखेसह मीटरचा आंकडा बहुधा लिहिलेला असतो. मागील आंकडा आजच्याहून मोठा निघाला, तर घरें फिरलीं किंवा कोणी फिरविलीं, हें उघड झालें. क्लचच्या पेडलाचें रबरही पाहावें. तें नवें दिसलें म्हणून भुलूं नये. तें थोडक्या पैशांत मिळतें!

मूळच्याहून मोठे टायर बसविले असल्यास मीटर कमी मोजतें. हमरस्त्यावरील दगडांच्या हिशेबानें २० किलोमीटर गाडी चालवावी. मीटरनें १९ दाखविले, तर ते टायर घातल्यापासूनच्या अंतरास २० नें गुणून १९ नें भागावें. मीटरची तार तुटून तें बंद राहिलें असेल, तर तो काळ मात्र कोणत्याही गणितांत सांपडत नाहीं. त्यासाठीं पूर्वीच्या मालकाच्या गांवीं जाऊन विचारपूस करावी.