नडगीतली रेघ

कास्टिंगला चीर गेली आहे का हे बघायची आमच्या फौंड्रीत एक साधी तऱ्हा आहे. भाग पुसून कोरडा करायचा, त्यावर लाल डाय फवारायची, मुरू द्यायची, वरची डाय पुसून घ्यायची आणि मग पांढरा डेव्हलपर मारायचा. केसाएवढी जरी चीर असली तरी पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत क्वालिटीचं काम करताना अशा रेघा मी वीस वर्षं बघतोय. नवीन पोरं कामाला लागली की त्यांच्या हातात मी एक तुटका शाफ्ट देतो आणि सांगतो, हा एका दणक्यात तुटलेला नाही. रोज पेलेल एवढाच लोड, पण लाखो वेळा. पहिली चीर पडली त्या दिवशी मशीन झकास चालू होतं.

हे सगळं तोंडपाठ असलेल्या माणसाने 2024 च्या फेब्रुवारीत स्वतःच्या डाव्या नडगीत तीच रेघ पाडून घेतली.

त्याआधीचं थोडं सांगतो. 2019 ला गोव्यात मिरामारला पहिली आयर्नमॅन 70.3 झाली, तिच्यात मी होतो. समुद्रात 1.9 किलोमीटर पोहणं, 90 किलोमीटर सायकल, वर 21.1 किलोमीटर धावणं, आणि हे सगळं साडेआठ तासांच्या आत. त्या वर्षी ऑगस्टात पंचगंगेचा पूर हायवेवर आला, शिरोलीचा रस्ता बंद झाला. कामावर जाता येईना म्हणून घरात सायकल ट्रेनरवर चढवून मी तास तास पेडल मारायचो आणि खिडकीतून पाऊस बघायचो. एवढं करून 7 तास 51 मिनिटांत संपवली. वय चाळीस, वजन 70.

मग 2020 आलं. पोहण्याचे टँक बंद झाले आणि उघडायची वेळ आली तेव्हा रांगेत सगळ्यात शेवटी राहिले. 2021 ला पुन्हा पूर. मग वडिलांचं आजारपण, मग रात्रपाळ्या. ट्रायथलॉन सोडायचं असं मी कधी ठरवलं नाही. कोपऱ्यात उभ्या सायकलच्या टायरमधली हवा जाते, तसं ते गेलं. वजन 84 वर आलं तेव्हा एका लग्नात एका मामांनी पाठीवर थाप मारून "आता जरा माणसासारखा दिसतोस" म्हटलं. त्या रात्री ऑक्टोबरच्या गोव्याची फी भरून टाकली.

इथपासूनच चुकत गेलो. फी भरली की डोक्यात उलटी मोजणी सुरू होते, आणि उलटी मोजणी पायांना समजत नाही. कपाटातून 2019 चं जुनं वेळापत्रक काढलं. 'हे तर मी केलेलंच आहे' म्हणून पहिले पाच आठवडे गाळले आणि सहाव्यापासून सुरुवात केली. बूटही तेव्हाचेच, तळ दिसायला कोरा, आतला फोम दगड झालेला. शिवाय चौदा किलो उतरवायचे म्हणून रात्रीचा भात आणि भाकरी बंद, पहाटेचा रन उपाशीपोटी. वजन आणि वेळ दोन्ही एकदम खाली आणायचं ठरवलं होतं.

यातली खरी फसवणूक वेगळीच आहे. पहिले दहा-बारा दिवस जीव गेला, आणि पंधराव्या दिवशी अचानक श्वास मोकळा झाला. घड्याळात ठोके खाली आले. मला वाटलं, आला आपला फॉर्म. पुढे वाचल्यावर कळलं की व्यायाम थांबला की रक्तातला पाण्याचा भाग काही दिवसांतच घटतो, आणि परत सुरू केलं की तो तितक्याच लगबगीने वाढतो. हृदयाला एका ठोक्याला जास्त रक्त ढकलता येतं, म्हणून हलकं वाटतं. हे खरंच सुधारलेलं असतं, खोटं नसतं. पण सुधारलेलं असतं ते इंजिन.

हाडाचं काम दुसऱ्या घड्याळावर चालतं. नवीन लोड आला की हाड आधी स्वतःला खणतं. जुना, थकलेला भाग काढून टाकणाऱ्या पेशी आधी कामाला लागतात, त्यांचं काम साधारण तीन आठवड्यांत उरकतं. त्यांनी पाडलेले खड्डे भरून पक्कं व्हायला मात्र तीनेक महिने जातात. म्हणजे सुरुवात केल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून हाड काही काळ आधीपेक्षा कच्चं असतं. आणि नेमकं तेव्हाच छातीला वाटत असतं, जाऊ दे अजून दोन किलोमीटर! रस्ता खणून ठेवलाय आणि त्यावरूनच उसाच्या ट्रॉल्या चालल्यात, असा प्रकार.

ही गोष्ट आजची नाही. ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियाच्या लष्करी डॉक्टरांनी 1855 मध्येच कवायतीतल्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पायांबद्दल लिहून ठेवलं होतं. एक्स-रेचा शोध त्यानंतर चाळीस वर्षांनी लागला, तेव्हा समजलं की त्या पायांत हाड चिरलेलं असायचं.

नुसत्या धावणाऱ्यापेक्षा ट्रायथलॉनवाला यात जास्त फसतो. पोहणं आणि सायकल यांनी दम वाढतो, पण हाडावर आपटणं नाही. मी आठवड्याला सहा-सात तास पाण्यात आणि सायकलवर होतो, पन्हाळ्याचा घाट चढून येत होतो. त्या दमाच्या जोरावर धावायला उतरलो की दहा किलोमीटर सहज वाटायचे. फुप्फुसं तयार, आणि पाय अजून लग्नाच्या पंगतीतच बसलेले.

चौथ्या आठवड्यात नडगीच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या वर वीतभर अंतरावर दुखायला लागलं. सुरुवातीला दुखायचं, दोन किलोमीटरनंतर जायचं. पुढे जाईना. मग रात्री झोपेत कूस बदलतानाही ठणकायला लागलं. मी त्यावर काय केलं? बर्फ लावला, बाम चोळला आणि रविवारचा चौदा किलोमीटरचा रन पूर्ण केला, कारण ग्रुपवर फोटो टाकायचा होता. डॉक्टरांकडे गेलो तर एक्स-रे साफ आला. मी खूश! अशी चीर पहिले काही आठवडे एक्स-रेत बहुतेक वेळा दिसत नाही, हे माहीत नव्हतं. डाय न मारताच कास्टिंग पास केल्यासारखं झालं. आणखी दोन रन केले आणि तिसऱ्याला रंकाळा तलावावरून रिक्षाने घरी आलो. मग एमआरआय झाला. काळ्या हाडात पांढरट ढग आणि त्यात बारीक रेघ. डॉक्टर समजावून सांगत होते आणि मला हसू येत होतं. एवढं एकच चित्र आयुष्यात मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

म्हणून जे लक्षात ठेवायचं ते एवढं. नडगीवर हातभर पट्टा दुखत असेल तर तो बहुधा स्नायूंच्या ओढीचा त्रास असतो, आठवडाभर कमी केलं की उतरतो. पण एका बोटाच्या टोकाने 'हे, इथं' असं दाखवता येत असेल, दाबल्यावर डोळ्यात पाणी येत असेल, त्या एका पायावर उडी मारवत नसेल, तर त्या दिवशी धावणं बंद आणि डॉक्टर गाठायचा. रात्री ठणकत असेल तर विचारसुद्धा करू नका. आणि चाळिशी ओलांडलेली असेल, मधे दोन-चार वर्षं गेली असतील, तर सुरू करण्याआधीच बीपी, साखर, ईसीजी आणि डॉक्टर म्हणतील तर स्ट्रेस टेस्ट करून घ्या. हे मी पायाच्या डॉक्टरांकडे बसून शिकलो, हृदयाच्या डॉक्टरांकडे बसून शिकायला नको.

खाण्याचंही तिथेच कळलं. खर्च वाढवून आवक कमी केली की शरीर काटकसर सुरू करतं आणि त्या काटकसरीत हाडांची दुरुस्ती आधी थांबते. बायकांमध्ये पाळी चुकते, म्हणजे निदान घंटा तरी वाजते. पुरुषांमध्ये चिडचिड, उडालेली झोप आणि सगळ्यातली इच्छा जाणं एवढंच दिसतं, आणि त्याचं खापर आपण कामावर फोडतो. माझं ड जीवनसत्त्वही तळाला होतं. वजन उतरवायचंच असेल तर रन वाढवत नाही त्या महिन्यांत उतरवा. रन वाढवताय त्या दिवसांत भाकरी खा.

आठ आठवडे धावायचं नाही असं ठरलं. पहिले पंधरा दिवस मी ग्रुप म्यूट केला, सायकलकडे पाठ केली आणि रोज मिसळ खाल्ली. प्रेरणा, मोटिव्हेशन वगैरे शब्दांवर माझा तेव्हापासून फार विश्वास राहिलेला नाही. जानेवारीत ती माझ्याकडे पोतंभर होती, तिनेच तर पाय मोडला. मार्चमध्ये चिमूटभरही नव्हती. ज्या गोष्टीच्या येण्याजाण्यावर आपला ताबा नाही तिच्यावर वेळापत्रक कशाला उभारायचं?

टँकवरच्या एका दोस्ताने ओढून नेलं. कमरेला फ्लोटिंग बेल्ट बांधून खोल पाण्यात जागच्या जागी धावायचं. पाय तळाला टेकत नाहीत, म्हणून आपटणं नाही, पण दम निघतो. लहानपणी पंचगंगेत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलो होतो. पंचेचाळिशीत पुन्हा काहीतरी बांधून पाण्यात उतरलो. शेजारच्या लेनमधलं एक सहा वर्षांचं पोरगं मला बघून आईला म्हणालं, "त्या काकांना येत नाही का गं पोहायला?" माझा 7 तास 51 मिनिटांचा आकडा त्या पोराच्या लेखी शून्य होता, आणि खरं सांगायचं तर नडगीच्या लेखीही. त्या दिवशी घरी जाऊन ॲपवरच्या जुन्या नोंदी झाकून टाकल्या. नवी वही केली, पहिल्या पानावर त्या दिवसाची तारीख घातली. आता मी फक्त मागच्या महिन्याशी तुलना करतो.

टिकून राहायला ज्या गोष्टी उपयोगी पडल्या त्या सांगण्यासारख्या भव्य नाहीत. पोहण्याची पिशवी रात्रीच भरून स्कूटरच्या हुकाला अडकवलेली असते. सव्वासहाच्या बॅचला आम्ही तिघं, न सांगता दांडी मारणाऱ्याने बाकीच्यांना मिसळ द्यायची. आणि स्वतःशी दहा मिनिटांचा करार केलाय. जायचं, दहा मिनिटं करायचं, नको वाटलं तर परत यायचं, कुणाला काही सांगायचं नाही. परत आलो ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा. पण परत यायला मोकळीक आहे म्हणूनच निघणं होतं.

धावणं परत सुरू झालं ते एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल, असं आठ वेळा, एक दिवसाआड. आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये असं सगळे सांगतात. आठ मिनिटांचे दहा टक्के म्हणजे अठ्ठेचाळीस सेकंद. तो नियम लांब धावणाऱ्यांना ठीक, माझ्यासारख्याला त्याने ना भीती जाते ना शहाणपण येतं. मी दुसरं माप धरलं. धावताना किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकताना दुखलं, तर एक पायरी मागे. नाही दुखलं तर दोन आठवडे तिथेच राहून मग एक पायरी पुढे. दम आहे म्हणून पुढे जायचं नाही. आठवड्यातून दोनदा जिन्याच्या पायरीवर टाचा वर-खाली, पाठीवर पोराचं दप्तर घेऊन. सलग पाच किलोमीटर धावायला तीन महिने लागले.

पाण्याबद्दल एकच. टँकमध्ये दीड किलोमीटर येतं म्हणून तलावातही येईल असं धरू नका. चार वर्षांनी राजाराम तलावात उतरलो आणि शंभर मीटरवर छाती आवळली. धरायला भिंत नाही, खाली काही दिसत नाही. उताणा झालो, आभाळाकडे बघत पडलो, श्वास सोडायचा एवढंच केलं. ओढता येणारा केशरी फ्लोट सोबत होता आणि दोस्त दहा हातांवर. दोन्हीपैकी एक नसेल तर काठावर चहा प्यावा.

गोव्याची फी बुडाली. बुडालेले पैसे पोहत परत येत नाहीत. त्या डिसेंबरात मी इथेच 750 मीटर, 20 आणि 5 किलोमीटरचं छोटं अंतर केलं, शेवटच्या नंबराच्या बराच जवळ. पोडियमवरच्या पोरांनी आटोपून नाश्ता केला होता.

आजही रंकाळ्यावर मी चार मिनिटं धावतो आणि एक मिनिट चालतो. तिथे एक काका आहेत, पांढरी टोपी, बांबूची काठी, कायम एकाच वेगाने चालणारे. मी धावत त्यांच्या पुढे जातो, माझं चालायचं मिनिट येतं, ते मला गाठतात. परवा शेजारी आल्यावर म्हणाले, "काय रे, दमलास?"

"नाही काका, चालायची वेळ झाली."

त्यांनी माझ्या घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मग चल की," म्हणाले आणि पुढे निघून गेले. माझी अजून चाळीस सेकंद बाकी होती.