एका स्पर्धेपुरतं ‘लोन’ चालतं का?

प्रश्न : मुलगा नायगावात हौशी फुटबॉल खेळतो. कोल्हापूरचा एक संघ त्याला महिनाभर ‘लोन’वर मागतोय. पाठवावं का?
– एक पालक, नायगाव (जि. नांदेड)

उत्तर : काळजी नको, वाट बंद नाही, पण याला लोन म्हणता येणार नाही. फिफाने 2022 मध्ये कडक केलेल्या नियमांनुसार लोन लेखी करार असलेल्या व्यावसायिक खेळाडूचंच होतं. तेही किमान दोन नोंदणी-कालावधींमधल्या अंतराइतकं, कमाल वर्षभर. लहान संघांना हे जाचक वाटेल, पण अट नसती तर पैसेवाल्या संघाने अंतिम सामन्यापुरते खेळाडू उसने आणले असते. तुमच्या मुलाने हौशी खेळाडू म्हणून अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीतून रीतसर बदली घ्यावी. मात्र एका हंगामात अधिकृत सामने साधारणपणे दोनच संघांकडून खेळता येतात, म्हणून परतीचं आधी ठरवा. दुसऱ्याच्या नावावर तर त्याला मुळीच उतरू देऊ नका.