मुलांना रूपक कसे शिकवावे?

सज्जनहो, कीर्तनात आम्ही पावलोपावली दृष्टांत देतो. श्रोते माना डोलवतात आणि आम्हांला वाटते, समजले बरे का! पण "महाराज, हे समजले नाही" असे उठून विचारायचे धैर्य लहान मुलांतच असते.

गेल्या कार्तिकात एका खेड्यातल्या शाळेच्या गुरुजींनी बोलावले. म्हणाले, "महाराज, पोरांना अलंकार पाठ आहेत, पण कळलेले नाहीत. एक तास घ्या." पाठशाळेत आम्ही 'कुवलयानंदा'तील लक्षणे घोकलेली. मीही फळ्यावर लक्षणच लिहिले : उपमेय आणि उपमान यांत भेद न मानणे म्हणजे रूपक. उदाहरण दिले, 'विठ्ठल माउली'.

मागचा एक मुलगा उठला. "महाराज, विठोबा आई आहे, तर मी आजारी पडलो तेव्हा उशाशी का नाही बसला?" वर्ग हसला. गुरुजी कानाशी म्हणाले, "त्याला आई नाही." "मोठेपणी कळेल" म्हणून मी वेळ मारून नेली, पण घरी येईतो प्रश्न बोचत राहिला. चूक पोराची नव्हती. मी नाव आधी सांगितले, अर्थ मागे ठेवला.

आठ दिवसांनी आपण होऊन गेलो. खडू हाती घेतला नाही. विचारले, "भूक लागली म्हणजे पोटात काय ओरडते?" सारे म्हणाले, "कावळे!" "कोणी पाहिले?" हशा पिकला.

साहित्यशास्त्रात लक्षणेच्या तीन अटी आहेत. त्यांचेच मी तीन प्रश्न केले. पहिला : शब्द जसाच्या तसा घेतला तर जमते काय? नाही, पोटात कावळे नसतात. हा मुख्यार्थाचा बाध. दुसरा : मग दोहोंचा संबंध कोणता? कावळे घासासाठी कालवा करतात, तशीच भूक. तिसरा : सरळ न बोलता असे का बोलावे? एक मुलगी म्हणाली, "भूक लागली म्हटले तर आई थांब म्हणते, कावळे म्हटले की लगेच वाढते." शास्त्रकार याला रूढी किंवा प्रयोजन म्हणतात; पोरीने ते ताटावरून ओळखले.

मग म्हटले, 'आईसारखा मायाळू विठ्ठल'. विठ्ठल उपमेय, आई उपमान, माया हा दोघांचा समान धर्म आणि 'सारखा' हा साम्य दाखवणारा शब्द. चारी अंगे मुलांनीच शोधली. ही पूर्णोपमा. 'मायाळू' काढले, 'सारखा'ही काढला आणि दोघांना एकच मानले. उरले 'विठ्ठल माउली'. आता सांगितले, याचे नाव रूपक.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. उपमानाचे सगळेच धर्म उपमेयावर लादायचे नसतात. मुखाला चंद्र म्हणताना त्याचा आल्हाद घ्यावा, डाग सोडावा. त्या मुलाला जवळ घेऊन म्हटले, "बाळा, तुझा प्रश्न खरा होता. आईची माया घ्यायची. विटेवरची मूर्ती उशाशी येत नाही. तुझ्या उशाशी कोण बसले होते?"

"आजी."

"मग माया कुठे दिसली?"

तो थोडा थांबून म्हणाला, "मग आजीलाही माउली म्हणायचे?" मी म्हटले, "वारीत आपण एकमेकांना दुसरे काय म्हणतो?" त्याचे पुरते समाधान झाले असे मी म्हणत नाही. पण पुन्हा त्याच्यावर कोणी हसले नाही.

वारकऱ्यांनो, हे काम शाळेवरच टाकू नका. ज्ञानेश्वरी शके 1212 ची, म्हणजे इ. स. 1290 ची, पण तिच्यातले दृष्टांत घर, शेत, दिवा, पाणी यांतलेच आहेत. नाथांच्या भारुडातला विंचू घ्या. पोरांना विचारा, हा विंचू खरा काय? चावला म्हणजे काय झाले? उतारा सत्त्वगुणाचाच का? काम-क्रोध हे उत्तर आपण घाईने सांगू नये. त्यांना शोधू द्यावे. आणि एखादे पोर भलतेच विचारील तर हसू नये. शब्द जिथे अडतो, तिथेच अर्थाचे दार असते.

रामकृष्णहरि!