गारठ्यातले जिवाणू आणि ध्रुवीय सागरातील तेल

हिवाळ्यात विरजण लवकर लागत नाही, हे आपल्या घरातील प्रत्येक माउलीस ठाऊक असते. वैशाखात रात्री लावलेले दही पहाटेपर्यंत आंबट होऊ लागते; पौषात मात्र तेच भांडे गोधडीत गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवावे लागते. दही लावणारे जिवाणू थंडीत मंदावतात, हे त्याचे कारण. सूक्ष्मजीवांचा धडा शिकविताना आम्ही याच दह्यापासून सुरुवात करतो आणि मग विद्यार्थ्यांपुढे एक प्रश्न ठेवतो. बीडच्या थंडीत जिवाणूंची ही गत होते, तर जेथे समुद्राचे पाणीच गोठते तेथे ते जगत तरी असतील काय? उत्तर असे की ते जगतात, वाढतात आणि त्यांतील काही तर तेलावरच उदरनिर्वाह करतात. या स्मरणिकेच्या निमित्ताने तोच धडा माजी विद्यार्थी व पालक यांच्यापुढे थोडा विस्ताराने मांडावा, असे आम्हांस वाटले.

तेल तेथे पोहोचते कसे?

ध्रुवप्रदेशात माणूस गेला की इंधनही जाते. जहाजे, संशोधन केंद्रांतील जनित्रे, बर्फावरील वाहने हे सारे त्यावरच चालते. २८ जानेवारी १९८९ रोजी 'बाहिया पराइसो' हे अर्जेंटिनाचे जहाज अंटार्क्टिकातील अमेरिकेच्या पामर केंद्राजवळ खडकावर आदळले आणि सुमारे ६ लाख लिटर डिझेल समुद्रात पसरले. त्याच वर्षी २४ मार्चला अलास्काच्या किनाऱ्याजवळ 'एक्सॉन वाल्डेझ' या जहाजातून सुमारे ४ कोटी लिटर कच्चे तेल सांडले. अलीकडे, २९ मे २०२० रोजी, रशियातील नोरिल्स्क येथे साठवण टाकी फुटून सुमारे २१,००० टन डिझेल जमिनीत व नद्यांत गेले.

आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही, पण हा विषय आपल्या देशाचा आहे. ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची पहिली भारतीय अंटार्क्टिक मोहीम गोव्याहूनच निघाली. आज तेथे 'मैत्री' आणि 'भारती' ही आपली केंद्रे आहेत. त्यांचा कारभार गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र पाहते. म्हणजे तेथील पाणी निर्मळ राखण्याची जबाबदारी आपल्याही वाट्यास आलेली आहे.

थंडीत तेल अधिक घातक का?

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर होऊन तेल सांडले होते. तेथील पाणी उबदार होते. उष्ण प्रदेशात तेलाचा हलका भाग ऊन व वाऱ्याने लवकर उडून जातो. ध्रुवीय सागराचे पाणी मात्र उणे १.८ अंशापर्यंत उतरते. तेथे तेल घट्ट होते, बाष्पीभवन मंदावते, विषारी घटक पाण्यात अधिक काळ राहतात आणि काही तेल बर्फाखाली अडकून पडते. त्यात हिवाळ्यातील दीर्घ अंधार! यंत्रे आणि माणसे घेऊन तेथे सफाईस जाणे हेच एक संकट ठरते. म्हणूनच शास्त्रज्ञांची दृष्टी तेथे आधीपासून वस्ती करून असलेल्या जीवांकडे वळली.

तेल खाणारे जीव

खनिज तेल हे प्राचीन सूक्ष्म सागरी जीवांच्या अवशेषांपासून बनलेले असते आणि समुद्रतळाच्या भेगांतून ते लक्षावधी वर्षे झिरपत आले आहे. त्यामुळे त्यावर जगणारे जिवाणूही निसर्गात निर्माण झाले. अंटार्क्टिकातील रॉस समुद्राच्या पाण्यातून असाच एक जिवाणू वेगळा करण्यात आला. २००३ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि त्याला 'ओलिस्पिरा अंटार्क्टिका' हे नाव मिळाले. दोन-चार अंश तापमानातही तो तेलातील हायड्रोकार्बनांवर वाढतो.

हे त्याला कसे साधते? खोबरेल तेल हिवाळ्यात बाटलीत थिजते. करडईचे तेल थिजत नाही. फरक त्यांतील मेदाम्लांच्या घडणीत आहे. सामान्य जिवाणूचे आवरण थंडीत खोबरेलासारखे ताठर होते. थंडीशी जुळवून घेतलेल्या जिवाणूच्या आवरणात करडईच्या तेलातल्याप्रमाणे असंतृप्त मेदाम्ले अधिक असतात, म्हणून ते लवचीक राहते. त्याची विकरेही, म्हणजे रासायनिक क्रिया घडविणारी प्रथिनेही, अधिक लवचीक असतात व कमी उष्णतेत काम करू शकतात.

काम पायरीपायरीने चालते. अनेक जिवाणू प्रथम साबणासारखा पदार्थ सोडून तेलाचे बारीक थेंब करतात. नंतर विकर हायड्रोकार्बनाच्या साखळीस प्राणवायू जोडते. त्यातून अल्कोहोल, मग मेदाम्ल तयार होते आणि अखेरीस कार्बन डायऑक्साइड व पाणी उरते. काही कार्बन जिवाणूच्या स्वतःच्या शरीरात जातो.

नुसत्या तेलावर पोट भरत नाही

कपाशीला केवळ पाणी देऊन भागत नाही, नत्र आणि स्फुरदही लागते, हे आपल्या शेतकरी पालकांस सांगावयास नको. जिवाणूंचेही तसेच आहे. तेलात कार्बन भरपूर, पण नत्र व स्फुरद जवळजवळ नाही. म्हणून अलास्काच्या अपघातानंतर किनाऱ्यावरील दगडगोट्यांवर चक्क खते फवारण्यात आली. तेथील मूळच्या जिवाणूंची वाढ झाली आणि अनेक ठिकाणी तेलाचे विघटन वेगाने झाले. जिवाणू बाहेरून आणावे लागले नाहीत. होते त्यांना बळ दिले गेले.

बाहेरून जिवाणू आणण्याचा मोहही होतो. आनंद मोहन चक्रवर्ती या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने तेलाचे अनेक घटक पचविणारा जिवाणू प्रयोगशाळेत घडविला. १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यावर एकस्व मिळू शकते असा निर्णय दिला. तरी तो जिवाणू खुल्या समुद्रात सोडला गेला नाही. अंटार्क्टिकासाठी १९९१ मध्ये झालेला आणि १९९८ पासून लागू असलेला माद्रिद करार तर परवान्यावाचून परका जीव तेथे नेण्यास मनाई करतो. एक उपद्रव दूर करताना दुसरा निर्माण होऊ नये, हे त्यामागील शहाणपण आहे.

मर्यादा ओळखणे

या जिवाणूंचे गुणगान करताना एक सावधगिरी आवश्यक आहे. तापमान दहा अंशांनी उतरले की जैविक क्रियेचा वेग साधारण निम्मा होतो. थंडीस सरावलेले जिवाणूही या नियमातून पूर्णपणे सुटत नाहीत. डिझेलातील साध्या साखळ्या ते तुलनेने लवकर संपवितात. अनेक वलये असलेले जड घटक मात्र वर्षानुवर्षे टिकतात. अलास्काच्या काही किनाऱ्यांवर वाळूखाली, जेथे प्राणवायू पोहोचत नाही, तेथे दोन दशकांनंतरही तेल सापडले. आणि जिवाणू काम करीत असतात तोवर पक्षी, मासे व पेंग्विन थांबून राहू शकत नाहीत. त्यामुळे सांडलेले तेल निसर्ग साफ करील, असे म्हणून निष्काळजी राहणे हा विज्ञानाचा विपर्यास होय. याच विचाराने अंटार्क्टिकाच्या सागरात २०११ पासून जड इंधन तेलास बंदी आहे. आर्क्टिकमध्ये १ जुलै २०२४ पासून, काही सवलतींसह, तशीच बंदी सुरू झाली.

भगवान बुद्धांच्या भिक्खुसंघासाठी असलेल्या सेखिय नियमांत पाण्यात मलमूत्र वा थुंकी टाकू नये, असा नियम आहे. पाण्यातील जीवांची हिंसा होऊ नये म्हणून भिक्खूजवळ पाणी गाळण्याचे साधनही असते. सूक्ष्मदर्शक नसतानाच्या काळातील ही दृष्टी आम्हांस आजच्या विज्ञानाशी सुसंगत वाटते. पाणी हे रिकामे द्रव्य नाही, ते जीवांचे घर आहे. आणि त्या पाण्यावर सर्वांचा सारखाच हक्क आहे, हे बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जगास दाखवून दिले. हक्क सर्वांचा, म्हणून राखणही सर्वांची.

ही राखण आपल्या विहिरीपासून सुरू होते. डिझेल इंजिनाखाली सांडणारे तेल, गाडीचे जुने ऑइल ओढ्याकाठी ओतण्याची सवय या गोष्टी लहान वाटतात. पण विघटनाचे नियम शिवारात आणि ध्रुवावर एकच आहेत, आणि सांडू न दिलेले तेल हेच सर्वांत लवकर साफ झालेले तेल होय.

नागपुरात जन्मलेल्या डॉ. अदिती पंत १९८३च्या तिसऱ्या मोहिमेत अंटार्क्टिकास गेल्या. डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासह तेथे पाऊल ठेवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. समुद्रावरील एका पुस्तकाच्या वाचनातून त्यांना या वाटेची ओढ लागली होती. आपल्या वसतिगृहातील एखादी मुलगी उद्या गोव्याहून त्याच दिशेने निघावी, तिने तेथील पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरावा, अशी आमची इच्छा आहे. तिचा पहिला धडा मात्र घरीच व्हावा. येत्या पौषात दोन वाट्यांत विरजण लावा, एक उबेला आणि एक उघड्यावर ठेवा, आणि कोणते दही किती तासांनी लागले ते वहीत लिहून ठेवा.