वसईच्या परसबागेतील फुलझाडांची उन्हाळी निगा

दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा आणि पश्चिमेस अरबी समुद्र यांच्या कुशीत वसलेला वसई-विरारचा परिसर फुलांच्या वाड्यांसाठी प्रसिद्ध आहे. येथील मोगरा, सोनचाफा, तगर, जास्वंद ही फुले पिढ्यान्‌पिढ्या पश्चिम रेल्वेने दादरच्या बाजारात जात आली आहेत. २००९ साली येथे महानगरपालिका स्थापन झाली. इमारती वाढल्या आणि वाड्यांचे क्षेत्र घटले, तरी घराच्या अंगणात किंवा सज्जात चार फुलझाडे लावण्याची आवड टिकून आहे. वसंत सरून ग्रीष्म लागतो तेव्हा या फुलझाडांची खरी कसोटी असते. त्या काळात नुसते भरपूर पाणी देऊन भागत नाही. ते पाणी कसे आहे, हेही पाहावे लागते.

गोडे पाणी आणि खारे पाणी

समुद्रकाठच्या जमिनीत पावसाचे गोडे पाणी हलके असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. सर्वसाधारण नियम असा, की भूजलाची पातळी समुद्रसपाटीपेक्षा जितकी उंच, त्याच्या सुमारे ४० पट खोलीपर्यंत गोडे पाणी सापडते. म्हणजेच उपशामुळे पातळी थोडी खाली गेली, तरी खालचे खारे पाणी त्याच्या कित्येक पटींनी वर सरकते. पूर्वी विहिरीवर राहाट असे आणि त्याचा उपसा संथ असे. वाडीतील बावखले पावसाचे पाणी साठवून जमिनीत मुरवीत. पुढे राहाटाच्या जागी पंप आले, अनेक बावखले बुजली आणि किनाऱ्यालगतच्या कित्येक विहिरींचे पाणी मचूळ झाले.

पानांची टोके व कडा करपणे आणि मातीवर किंवा कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसणे ही क्षाराची लक्षणे होत. शंका आल्यास पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी. विद्युतवाहकता दर मीटरला ०.७५ डेसिसायमनपेक्षा कमी असेल, तर ते पाणी बहुतेक झाडांना चालते. ती २.२५ हून अधिक असल्यास असे पाणी नाजूक फुलझाडांना देऊ नये.

पाणी देण्याची रीत

मचूळ पाणी रोज थोडे थोडे शिंपडणे सर्वांत घातक असते. उन्हाने पाणी उडून जाते व क्षार मुळांभोवती साचत राहतो. त्यापेक्षा पाणी दोन-तीन दिवसांच्या अंतराने, परंतु आळे पूर्ण भिजेल असे द्यावे, म्हणजे क्षार मुळांच्या खाली वाहून जातो. कुंडीची माती लवकर सुकते, म्हणून तिला पाणी देण्याचे अंतर माती पाहून ठरवावे. कुंडीच्या तळाचे छिद्र मोकळे आहे ना, हेही पाहावे. पाणी सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर द्यावे. खारे पाणी पानांवर पडू देऊ नये.

आळ्यात पालापाचोळा किंवा भाताच्या पेंढ्याचे दोन-तीन इंच जाडीचे आच्छादन घालावे; मात्र ते खोडाला टेकू देऊ नये. आच्छादनामुळे ओल टिकते, पाणी देण्याचे अंतर वाढविता येते आणि क्षार पृष्ठभागावर कमी येतो.

नळाचे गोडे पाणी मोजकेच मिळत असल्यास ते गुलाब, अनंत व मोगऱ्यासाठी राखून ठेवावे. कण्हेर, बोगनवेल, चिनी गुलाब ही झाडे थोडा खारेपणा सोसतात. तांदूळ व भाजी धुतलेले पाणी बागेस द्यावे. साबणाचे देऊ नये.

झाडांची निगा

मोगऱ्याचा बहर याच दिवसांत असतो. कळ्या पहाटे, उमलण्यापूर्वी तोडाव्यात. किडलेल्या कळ्या वेचून नष्ट कराव्यात. गुलाबाची मोठी छाटणी आता करू नये. सुकलेली फुले व वाळक्या काड्या तेवढ्या काढाव्यात आणि कुंड्या दुपारच्या उन्हातून हलवाव्यात. शेवंतीचा बहर संपल्यावर तिचे फुटवे सावलीत जपावेत. निशिगंधाचे कंद लावण्यास हा काळ योग्य आहे.

रासायनिक खते हेही क्षारच होत, म्हणून मचूळ पाण्याच्या बागेत ती उन्हाळ्यात टाळावीत. त्याऐवजी चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत थोड्या प्रमाणात द्यावे. कोरड्या हवेत मोगरा व गुलाबावर कोळी वाढतो. तेव्हा पानांच्या खालच्या बाजूवर गोड्या पाण्याचा फवारा मारावा. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण दिसल्यास ग्रासलेला शेंडा छाटून ५ टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारावा.

पुढच्या उन्हाळ्याची तयारी

या भागात वर्षाकाठी सुमारे २००० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो. १०० चौरस मीटरच्या छपरावर १ मिलिमीटर पाऊस पडला, की १०० लिटर पाणी जमा होते. या हिशेबाने एका छपरावर वर्षाला सुमारे दोन लाख लिटर पाणी पडते. यातील मोठा भाग आज गटारातून खाडीला मिळतो. पहिल्या सरींनी छप्पर धुतले गेल्यावर हे पाणी गाळून विहिरीत किंवा शोषखड्ड्यात सोडावे. मृगापूर्वी पन्हळी व गाळणी साफ करून ठेवाव्यात. सोसायटीच्या सभासदांनी हे काम एकत्र केल्यास खर्च कमी येतो. झाडांविषयी अधिक मार्गदर्शन तालुका कृषी अधिकारी कार्यालयातून, तसेच १९७२ साली स्थापन झालेल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडून घेता येईल.

एका कुंडीला लागणारे पाणी थोडे वाटते. परंतु विहीर एकट्याची असली तरी तिच्या तळाचे गोडे पाणी साऱ्या गावाचे असते. ते जपून वापरले व पावसाळ्यात जमिनीला परत दिले, तरच वसईच्या अंगणात मोगरा फुलत राहील.