ऑक्सन हिल येथील शेतावर एक दिवस

इतिहासाचें पुस्तक उघडलें कीं राजे, सेनापति आणि लढाया यांची दाटी दिसते. नांगर धरणारा हात क्वचितच दृष्टीस पडतो. आम्ही पुष्कळ वर्षें इतिहास शिकवीत आलों आहों, आणि हा दोष आमच्याही शिकवण्यांत होता, हें कबूल केलें पाहिजे. तो आमच्या ध्यानांत कसा आला, तें येथें सांगावयाचें आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं उन्हाळ्याच्या सुटींत अमेरिकेंत आमच्या वडील बंधूंकडे सहकुटुंब जाण्याचा योग आला. त्यांचें बिऱ्हाड वॉशिंग्टन शहराच्या जवळच आहे. एका शनिवारीं दादा म्हणाले, "आज मुलांना जुनें शेत दाखवूं. डबा बरोबर घ्या; तिकिटाचा खर्च मुळींच नाहीं." वहिनींनीं पोळ्या, बटाट्याची भाजी आणि लिंबाचें लोणचें बांधून घेतलें, आणि आम्ही मेरीलँड संस्थानांतील ऑक्सन हिल येथें गेलों. हें शेत तेथील राष्ट्रीय उद्यान खात्याच्या ताब्यांत आहे. गरीब असो, श्रीमंत असो, प्रवेश सर्वांस मुक्त.

शेत टेकडीवर असून खालीं पोटोमॅक नदीचें विस्तीर्ण पात्र दिसतें. विटांचें एक जुनें घर, गुरांचे गोठे, कोंबड्यांचें खुराडें आणि मनोऱ्यासारखी एक उंच कोठी, एवढा तेथील पसारा. त्या कोठीविषयीं मुलांनीं प्रथम विचारलें. त्या देशांत हिवाळ्यांत बर्फ पडतें व हिरवा चारा मिळत नाहीं. म्हणून मक्याचीं हिरवीं ताटें बारीक कापून अशा कोठींत दाबून भरीत. हवा आंत शिरली नाहीं म्हणजे चारा कुजत नाहीं. तो आंबतो, आणि त्या आंबटपणामुळेंच महिनेच्या महिने टिकतो. आपल्याकडे यास मुरघास म्हणतात, व तो खड्ड्यांत किंवा पिशव्यांतही करतां येतो.

गोठ्यांत एक सेवक मुलांना गाईची धार काढावयास शिकवीत होता. प्रथम कास धुवावयाची. मग अंगठा व तर्जनी यांनीं सड वरच्या बाजूस मिटून धरावयाचा, आणि बाकीचीं बोटें एकामागून एक खालीं दाबीत न्यावयाचीं. पिशवींतील दुधावर वाढलेल्या आमच्या कन्येला पहिल्या दोन खेपांस कांहींच साधलें नाहीं. तिसऱ्या खेपेस बारीकशी धार बादलींत पडली, तेव्हां तिचा आनंद पाहण्यासारखा होता. पेलाभर दुधामागें किती श्रम असतात, हा धडा तिला पुस्तकावांचून मिळाला.

मग आम्ही त्या विटांच्या घराकडे वळलों. इ. स. १८११ च्या सुमारास डॉ. सॅम्युएल डी बट्स व त्यांच्या पत्नी मेरी येथें राहावयास आलीं. मेरीबाईंचें माहेर इंग्लंडांतील वेल्बी घराणें. त्यावरून या जागेस 'माउंट वेल्बी' असें नांव पडलें. ता. २४ ऑगस्ट १८१४ रोजीं इंग्रज सैन्यानें वॉशिंग्टन शहरास आग लाविली. तोफांनीं हादरणारें घर आणि राजधानीच्या आगीचा उजेड यांचें वर्णन मेरीबाईंनीं आपल्या माहेरच्या माणसांस पत्रानें कळविलें. हा प्रसंग आम्ही मोठ्या उत्साहानें मुलांस सांगत होतों. तोंच कन्येनें विचारलें, "पण बाबा, हें शेत नांगरीत कोण होतें?"

प्रश्न साधा होता. उत्तर सोपें नव्हतें. डी बट्स कुटुंबाच्या वेळीं हें शेत गुलाम केलेल्या आफ्रिकन वंशाच्या स्त्रीपुरुषांच्या श्रमांवर चाले. पीक त्यांनीं काढलें, परंतु धान्य त्यांचें नव्हतें. फार काय, त्यांचीं स्वतःचीं मुलेंही कायद्यानें त्यांचीं नव्हतीं. मेरीलँडमध्यें ही प्रथा ता. १ नोव्हेंबर १८६४ रोजीं नव्या राज्यघटनेनें बंद झाली. तोफांचे आवाज मेरीबाईंनीं ऐकले, तसे त्यांनींही ऐकलेच असतील. परंतु त्या काळीं बहुतेक गुलामांस अक्षरओळखही होऊं दिली जात नसे. ज्याच्या हातीं लेखणी, त्याचेंच भय इतिहासांत उरलें.

पुढें इ. स. १८९१ मध्यें ही जमीन वॉशिंग्टन येथील मनोरुग्णांच्या सरकारी इस्पितळानें विकत घेतली. हें इस्पितळ इ. स. १८५५ मध्यें सुरू झालें, व तें स्थापन व्हावें म्हणून डोरोथिया डिक्स या थोर बाईंनीं अतिशय खटपट केली होती. पूर्वीं अशा रोग्यांस पुष्कळ ठिकाणीं कोंडून किंवा साखळदंडांनीं बांधून ठेवीत. मोकळी हवा, सूर्यप्रकाश व नियमित काम यांनीं मन शांत होतें, असें नव्या विचाराच्या वैद्यांचें मत होतें. म्हणून रोगी येथें शेतकाम करीत, आणि शेतांतील माल इस्पितळाच्या स्वयंपाकघरांत जाई. कोणास त्यांत खरेंच समाधान लाभलें असेल, कोणास तें नुसतें ओझें झालें असेल. औषध कोणतें आणि राबविणें कोणतें, हें काम करणाऱ्याची इच्छा कोणी विचारली कीं नाहीं, यावरून ठरतें.

इ. स. १९५९ मध्यें ही जमीन उद्यान खात्याकडे आली, व १९६७ मध्यें मुलांसाठीं शेत म्हणून सर्वांस खुली झाली. एकाच मातींत प्रथम गुलाम राबले, मग रोगी राबले, आणि आज तेथें मुलें खेळतात. आज प्रवेश मुक्त आहे. पूर्वीं तेथें राबणारे हात मुक्त नव्हते.

झाडाखालीं डबा सोडला, तेव्हां कन्येनें दुसरा प्रश्न केला, "आपल्या पणजोबांचें शेत कोठें आहे?" दादा व आम्ही एकमेकांकडे पाहूं लागलों. आमचे आजोबा आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतांत सालगडी होते. त्यांच्या हातचें एकही अक्षर आमच्यापाशीं नाहीं, आणि आजवर आम्हीं तें मुलांस सांगितलेंही नव्हतें. गुलामगिरी आणि सालगडीपण एक नव्हे, हें खरें. परंतु ज्याचे श्रम कोणी लिहून ठेविले नाहींत, त्याचें विस्मरण दोन्हीकडे सारखेंच. परकीय भूमीवर, त्या झाडाखालीं, आम्हीं त्यांची सारी हकीकत प्रथमच सांगितली. त्यांचा कांबळा, पहाटेची मोट, वर्षअखेरीस मिळणारें धान्य, आणि मुलास शाळेंत घालण्याचा त्यांचा हट्ट. मुलें जेवण विसरून ऐकत होतीं.

विद्यार्थीमित्रहो, असें शेत पाहण्यास परदेशीं जाण्याची गरज नाहीं. या सुटींत आपल्या किंवा शेजारच्या गांवच्या शेतावर जा. पीक कोणतें, हें विचारा; तसेंच नांगरलें कोणीं, खुरपलें कोणीं, आणि त्यांस काय मिळालें, हेंही विचारा. घरांतील वृद्ध माणसांजवळ बसा व तीं सांगतील तें वहींत लिहून ठेवा. आपल्या आजोबांस लेखणी मिळाली नाहीं. तुमच्या हातीं ती आहे.